खो देण्याची रीत

जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत
मानवतच्या मैदानावर मी चुन्याची रेघ मारते.
रात्रभर उडालेला कापूस खांबाला चिकटलेला असतो.
काळ्या मातीच्या भेगा आधी पायानं चाचपते,
टाचेइतकी रुंद सापडली की मुरूम भरते.
घोटा खेळात मुरगळत नाही,
खेळाच्या आधीच्या आळसात मुरगळतो.

पत्र्याची पेटी उघडी असते, कुलूप नाही.
चिकटपट्टी, आयोडीन, मीठ-साखरेची पाकिटं,
खालच्या कप्प्यात पॅड.
घेताना कुणी कुणाला विचारायचं नाही.
क्रीडा समितीचे बिडवे अण्णा चष्मा वर करून म्हणाले,
"मॅडम, बिलात हे काय लिवलंय?"
मी म्हटलं, साहित्य.

चुकलं की मैदानाला दहा फेऱ्या, हेही बंद केलं.
पळणं शिक्षा कशी होईल?
पळायलाच तर येतात लेकरं
तांड्यावरून, अंधारात, चपला हातात घेऊन.

निलोफरला घेऊन आली तेव्हा तिची आई
दोनच वाक्यं बोलली.
"ऐकू येत नाही."
आणि बऱ्याच वेळानं, "पळती लई."

पहिला आठवडा मी चुकत राहिले.
लांबून ओरडायचे, आणखी मोठ्यानं ओरडायचे,
जणू बहिरेपण म्हणजे अंतर.
शेवटी तिनंच माझ्या गळ्यातली शिट्टी काढली
आणि वेणीची लाल रिबीन सोडून
माझ्या मुठीत कोंबली.

आता शिट्टीबरोबर लाल रिबीन वर जाते.
सगळ्याच बघतात, तिच्या एकटीसाठी म्हणून नाही.

शेजारच्या चौकातला आवाज ऐकून
बाकीच्या अर्ध्या उठतात, पंच फाऊल देतात.
निलोफर हलत नाही.
तिच्या लेखी खो हा शब्दच नाही,
तळवा आहे,
दोन खांद्यांच्या मधोमध,
आला, गेला.

मी हे सगळ्यांकडून घोकून घेते.
मधोमध. आला, गेला.
"इतकं काय त्यात?" कांचन टोम्पे विचारते.

मी तेरा वर्षांची होते.
सरांचा तळवा खो देऊन झाल्यावरही
थांबायचा.
मी उठून पळायचे, तरी पाठीवर असायचाच
खांबापर्यंत, घरापर्यंत,
जिल्ह्याच्या ढालीवर माझं नाव कोरलं
त्या दिवशीसुद्धा.
कुणाला सांगायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
आईला सांगितलं. ती म्हणाली, खेळ सोड.
सर राहिले.
मैदान राहिलं.

कांचनला मी एवढंच म्हणाले, त्यात खूप काही आहे.

फाटकाजवळच्या भिंतीवर मी दोन फोन नंबर रंगवलेत.
एक माझा.
"दुसरा कुणाचा, मॅडम?"
डॉक्टर वट्टमवार बाईंचा.
माझ्याविरुद्ध बोलायचं असेल तर.
मुली खो खो हसल्या.
मग एकेक करून गप्प झाल्या,
आणि दोघींनी तो नंबर हातावर उतरवून घेतला.
मी विचारलं नाही, का.

काल एक मुलगी कमी होती.
मीच बसले पाचव्या चौकात, उकिडवी,
दोन्ही हात जमिनीला,
गुडघे कुरकुरले.
किती वर्षांनी असं कुणाकडं तरी पाठ करून बसले होते,
आणि मागून येणारे पाय मोजत होते.
जीभ कोरडी पडली, खोटं कशाला सांगू.

मग निलोफरचा आवाज आला,
खरबरीत, अर्धा, "हो" आणि "खो"च्या मधला,
पंचांना पटेल न पटेल असा,
आणि तळवा.
मधोमध.
आला,

गेला.

मी उठले होते, पळत होते.

पाठीवर चुन्याची पाच बोटं उमटली होती म्हणे.
कुणीतरी झटकायला आलं.
मी म्हटलं, राहू दे,
आणि तशीच बाजारातून घरी गेले.